परत आलेली ताटे

गेल्या महिन्यात पारोळ्याहून एक पोस्टकार्ड आले. विनायकनाना वारले, असे त्यांच्या मुलाने कळवले होते आणि निधनवार्तेसाठी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. तिसरी ओळ अशी : 'धुळ्याच्या एका दवाखान्यात काही वर्षे आचारी होते.' वार्ता छापून झाली. त्या ओळीत जे आले नाही ते मला माहीत आहे, आणि ते दडपण्यात माझाही हात होता. म्हणून हा मजकूर.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्यापूर्वीची. मी धुळ्यात एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. दवाखाना धर्मादाय होता. त्याचे नाव देत नाही. दिले तर दोष एकट्या त्याच्यावर जाईल. तिथली रीत अशी : वाढपी खाटेपाशी ताट ठेवी, खाटेला टांगलेल्या कार्डावर 'आहार दिला' अशी नोंद करी आणि अर्ध्या तासाने ताट उचलून नेई. रोग्याने ते खाल्ले की नाही, हे लिहायला कार्डावर जागाच नव्हती. ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नसे त्याला त्याचे नातेवाईक भरवत. ज्याला नातेवाईक नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न समितीच्या एकाही बैठकीत निघालेला मी ऐकला नाही. देणगीदारांच्या नावांची पाटी कोणत्या भिंतीवर लावावी, यावर मात्र दोन बैठका झाल्या.

नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून परत येणारी ताटे पाहत. वाढलेल्या ताटावरून काही कळत नाही, आलेल्यावरून कळते, असे ते म्हणत. तापातून उठलेल्या कोणी भाकरीचा पापुद्रा तेवढा खाऊन बाकीची ठेवली, की दुसऱ्या दिवशी त्याची भाकरी दुधात कुस्करून जाई. डॉक्टरांनी याला कधी हरकत घेतली नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हते.

एके दिवशी सात नंबरच्या खाटेचे ताट जसेच्या तसे परत आले. त्या खाटेवर जामसिंग नावाचा भिल्ल होता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्यात, कोळशाच्या भट्टीवर तो भाजला होता. भाऊ त्याला बैलगाडीतून आणून दाखल करून पुन्हा कामावर गेला. नानांना वाटले, डोंगरातल्या माणसाला भात आणि पोळी रुचत नसेल. त्यांनी ज्वारीची भाकरी पाठवली. ती परत आली. मग ताकातल्या कण्या पाठवल्या. त्याही आल्या. "माजलाय तो," वाढपी म्हणाला, "तुम्ही कशाला लाड करता, नाना?" तिसऱ्या दिवशी नाना नियम मोडून वॉर्डात गेले. जामसिंगचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधलेले होते, आणि ताट त्याच्या पायांशी होते.

डॉक्टर रोज त्या पट्ट्या पाहत होते. वाढपी रोज ते ताट ठेवत होता. नेमून दिलेले काम दोघांनीही चोख केले होते. नर्स एकच, ती जाता-येता पाणी पाजे, त्यावर माणूस तीन दिवस राहिला होता.

"बोलनं नही का रे कोणाले?" नानांनी त्याला विचारले.

"कोणाले बोलू? जो येस तो ताट ठेई जास."

नाना खाटेवर बसले आणि त्याला भरवू लागले. तीन दिवस आपण नुसते पदार्थ बदलत बसलो, हे ते पुढे कधी विसरले नाहीत. चार दिवस त्यांनी दोन्ही वेळा भरवले. मग तक्रार झाली. नानांना आचारी नेमले होते ते जात पाहूनच. त्यांच्या हातचे सगळ्यांना चाले. त्याच हाताने त्यांनी भिल्लाच्या तोंडात घास घातला, हे मात्र चालले नाही. काही रोग्यांनी ताटाला हात लावला नाही. हे उपोषण समितीला तासाभरात कळले. नानांना वॉर्डबंदी झाली. "मग भरवायला दुसरा कोणी द्या," असे ते म्हणाले. विचार करू, असे उत्तर मिळाले. सात नंबरचे ताट पुन्हा भरलेले येऊ लागले. बंदीच्या सहाव्या दिवशी जामसिंग मेला. तो जखमांनी गेलाच असता, असे डॉक्टर म्हणाले. असेलही. पण उपाशी माणसाच्या जखमा कशा भराव्यात, हे त्यांना कोणी विचारले नाही. मीही नाही.

भावाने ओरड केली तेव्हा मी दवाखान्यात जाऊन कार्ड पाहिले आणि बातमी दिली : 'रोगी अखेरपर्यंत नियमित जेवत होता.' तो अंक घेऊन नाना कचेरीत आले.

"तुम्ही त्याला जेवताना पाहिलंत?"

"कार्ड पाहिलं, नाना."

"कार्ड जेवतं का हो? ताटं माझ्याकडे परत आली. स्वयंपाकघर तिथून चार पावलांवर होतं."

आतून संपादक म्हणाले, "अहो, आहार दिला, हे खोटं आहे का?"

"नाही. बैलाला मुसकं बांधून पुढे कडबा टाकला, तरी टाकला असं म्हणता येतं."

दुरुस्ती छापली गेली नाही. समितीचे अध्यक्ष आमच्या साप्ताहिकाचेही आश्रयदाते होते. ती आज छापतो. जामसिंग जेवत नव्हता. त्याला जेवता येत नव्हते. जो भरवत होता त्याला अडवले गेले, आणि ते जाणूनबुजून अडवले गेले.

पुढच्याच महिन्यात नानांना काढले. मग ते भेटीच्या वेळी, इतरांसारखे फाटकातून, फडक्यात भाकरी बांधून येऊ लागले. नातेवाईक असल्याशिवाय आत सोडत नसत. नाना खाटेचा नंबर सांगत आणि म्हणत, माझा मेव्हणा आहे. मेव्हणे बदलत राहिले. एकदा पहारेकऱ्याने विचारलेच, "नाना, तुमना साला शेतस तरी कितला?"

"बायको एकच शे, साला बठ्ठा दवाखाना!"

सगळा दवाखानाच मेव्हणा म्हटल्यावर तो हसला आणि बाजूला झाला. समितीला जे जमले नाही ते त्या पहारेकऱ्याने केले, हेही नोंदवतो.

मागच्या आठवड्यात पारोळ्याला जाऊन आलो. मुलाशी बोलणे झाले. सून ताट घेऊन आली, ते पुढे ठेवले आणि समोरच बसली. दोन मिनिटे गेली. मला अवघडल्यासारखे झाले, म्हणालो, "तुमची कामं असतील. मी जेवतो."

"आधी एक घास घ्या," ती म्हणाली. "नुसतं ताट ठेवून उठलं, की नाना रागवायचे."

मी घास घेतला. मग ती उठली.