मी गाळलेली ओळ

बाबांच्या युनियनची पत्रं आमच्या घरी येत, कारण युनियनला ऑफिस नव्हतं. पिंपरीतला तो कारखाना एका परदेशी कंपनीचा होता आणि कंपनीचे आणखी काही देशांतही कारखाने होते. त्या सगळ्या कारखान्यांतल्या कामगारांनी मिळून एक संघ केला होता. आमच्या क्वार्टर्समध्ये त्याला ‘मोठी युनियन’ म्हणत. बाबा पिंपरीच्या युनियनचे सेक्रेटरी, शिक्षण मराठी सातवी. मोठ्या युनियनची पत्रं इंग्रजीत असत. ती मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे होतं.

मला इंग्रजी शाळेत घातलं ते यासाठीच. बोलणी चालू असताना साहेब लोक मध्येच आपसात इंग्रजीत बोलू लागत आणि बाबा तेवढा वेळ टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसत. हे त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. शाळेत मी कुणाशी फारशी बोलत नसे, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. कागदाची मात्र मला भीती वाटत नसे.

एकदा पत्रासोबत एक छापील यादी आली. तिकडच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंग मारायच्या विभागात, कामगारांना काय काय मिळतं, त्याची: तोंडावर लावायचे मास्क, वाफ बाहेर खेचणारे पंखे, कामातून थोड्या थोड्या वेळानं मोकळी हवा. मी ती उतरवली. बाबांनी बोलण्यांच्या वेळी ती साहेबांपुढे ठेवली आणि ‘तिकडं देता, मग इकडं का नाही?’ एवढंच विचारलं. पुढच्या उन्हाळ्याआधी पंखे लागले. आमच्या खालच्या मजल्यावर निघोजे गावचे एक काका राहत, ते पेंट शॉपला होते. त्यांच्या पहाटेच्या खोकल्यानं आमचं घर जागं व्हायचं. तो खोकला हळूहळू इतका कमी झाला, की आईला दोनदा उठायला उशीर झाला.

तरी त्या संघात असणं सगळ्यांना पटलेलं नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधले फिटरकाका बाबांना सायकल काढताना रोज विचारत, “काय सेक्रेटरीसाहेब, आज गोऱ्यांच्या देशातनं काय हुकूम?”

“आज सुट्टी आहे हुकमाला,” बाबा हसून म्हणत.

पण एका सकाळी आमच्या जिन्याच्या भिंतीवर डांबरानं ‘परदेशी दलाल’ लिहिलेलं सापडलं. मी शाळेच्या गणवेशात त्या अक्षरांशेजारून खाली उतरले. कुणी लिहिलं ते कधीच कळलं नाही. आईनं वरून चुना फिरवला, पण काही दिवसांनी डांबर चुन्यातून पुन्हा दिसायला लागलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ते पत्र आलं. तिकडच्या मोठ्या कारखान्यात संप सुरू झाला होता. काही लोकांना कामावरून काढलं होतं, त्यांना परत घ्या अशी मागणी होती. पत्राची शेवटची ओळ अशी होती: संपामुळे अडलेले पार्ट कंपनी आता पिंपरीत रविवारी ओव्हरटाइम लावून करून घेणार आहे, कृपा करून हे रविवारचं काम तुम्ही करू नका.

ओव्हरटाइमची नोटीस आदल्याच दिवशी लागली होती. दिवाळी तोंडावर होती. क्वार्टर्समध्ये सगळे खुशीत होते. मी ती ओळ तीनदा वाचली आणि मला जिन्याची भिंत दिसायला लागली. मी बाकीचं सगळं पत्र नीट उतरवलं. शेवटी लिहिलं, ‘आपला पाठिंबा असावा ही विनंती.’

पत्र वाचायची रीत ठरलेली होती. दुपारी पाळी बदलताना सायकल स्टँडजवळ बाबा ते मोठ्यानं वाचत. प्रत्येकाच्या हातात सायकल आणि डबा, त्यामुळे मत द्यायला हात वर करता येत नसत. ‘हो’ म्हणणाऱ्यांनी सायकल घेऊन चिंचेखाली जायचं, ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी कंपाउंडच्या भिंतीकडे. त्या दिवशी सगळे चिंचेखाली गेले. “पाठिंबा काय, पोतं भरून घ्या की!” असं फिटरकाका म्हणाल्याचं बाबांनी घरी सांगितलं. रविवारी सगळे कामावर गेले. बाबासुद्धा.

असे दोन रविवार गेले आणि दुसरं पत्र आलं. तुमच्याकडच्या पार्टचे खोके विमानानं येऊन आमच्या गेटातून आत गेले, असं त्यात लिहिलं होतं. आमचं आधीचं पत्र तुम्हाला पोहोचलं नाही का? बस्स, एवढंच. राग नव्हता. राग असता तर मी कदाचित तेही पत्र गुळगुळीत करून टाकलं असतं.

बाबा बूट पुसत होते. आधीच्या पत्रातली एक ओळ मी गाळली होती, असं मी त्यांना सांगितलं.

“काय होतं त्या ओळीत?”

मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

“का गाळलीस?”

“भिंतीवर पुन्हा लिहितील म्हणून.”

त्यांनी बूट खाली ठेवला. मग म्हणाले, “ते खोके मीसुद्धा भरलेत.” आणि उठता उठता, “उद्या पाळी सुटताना ये. दोन्ही पत्रं आण.”

दुसऱ्या दिवशी मी सायकल स्टँडच्या खांबाला टेकून उभी होते. बाबा म्हणाले, “मागचं पत्र पुरतं वाचलं गेलं नव्हतं. चूक आमच्या घरची आहे.”

“म्हणजे सेक्रेटरीनं लपवलं!” फिटरकाका म्हणाले.

“त्यांनी नाही. मी,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोल, पोरी!” मागून कुणीतरी ओरडलं.

मी दोन्ही पत्रं वाचली. ती गाळलेली ओळही वाचली.

“संप त्यांचा, दिवाळी आपली,” फिटरकाका म्हणाले. “उद्या आपण संपावर गेलो तर ते येणारेत का भाकरी बांधून?”

लोक हसले. निघोज्याचे काका मात्र हसले नाहीत. “येतील का न्हाई, मला ठावं न्हाई,” ते म्हणाले. “पन आपल्या पंख्याची यादी त्यांनी धाडली, तवा त्यांचं काय अडलं व्हतं?” आणि ते सायकल ढकलत चिंचेखाली जाऊन उभे राहिले. एकटेच. मग बाबा गेले. मग एकेक सायकल हलायला लागली. शेवटी चिंचेखाली जास्त लोक होते, पण भिंतीकडेही कमी नव्हते.

रविवारचं काम बंद झालं. त्या दिवाळीत समोरच्या बिल्डिंगमधून आमच्याकडे फराळाचं एकही ताट आलं नाही. पुढच्या निवडणुकीत फिटरकाका सेक्रेटरी झाले. मोठ्या युनियनमधून बाहेर पडू, असं त्यांनी सांगितलेलं होतं. बाबांनी फाइल त्यांच्या हातात दिली. मला एका शब्दानंही बोलले नाहीत, आणि तेच मला जड जात होतं.

काही आठवड्यांनी फिटरकाका आमच्या दारात आले. हातात पाकीट होतं.

“सेक्रेटरीसाहेब आहेत का?” त्यांनी सवयीनं विचारलं.

“सेक्रेटरी तुम्हीच,” बाबा आतून म्हणाले.

त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. “वाच. आणि एकही ओळ सोडायची नाही. शिव्या असल्या तरी वाच.”

शिव्या नव्हत्या. संप मिटला होता, काढलेल्यांपैकी बरेच जण परत कामावर गेले होते. पिंपरीत रविवार बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी आमच्या गेटवर टाळ्या वाजल्या, असं लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, पुढच्या वर्षीही तुम्ही आमच्याबरोबर आहात ना?

फिटरकाकांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग दाराच्या चौकटीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ती पेंट शॉपची यादी आली होती, तशी फिटर लोकांची पण असते का गं तिकडं?”

“विचारावं लागेल,” मी म्हणाले.

“मग विचार की,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमच्या घरात खाली बसले. मी वही आणायला आत गेले.