सेलीनचा नाताळ आणि आमचा मार्गशीर्ष

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या वाट्या मागे मागे सरकत जातात, तसे ते जमतात. मग एक दिवस कसला तरी वास येतो आणि सगळं बाहेर काढावं लागतं. आमच्या नाताळच्या किश्शांचं तसंच झालंय. पिकनिकला, लग्नाकार्यात मी ते हातवारे करून सांगितलेत, सगळ्यांत जास्त मीच हसलेय. हल्ली सांगताना मधेच थांबते.

माजिवड्याला आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. दुपारी एका टेबलावर डबे उघडणारे आम्ही चौघं: मी, सगळ्यांत सिनियर नीलिमाताई, मालवणचे गावडे आणि सेलीन. सेलीन कोपरीची, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. घरी ती आणि तिची म्हातारी आई. त्यांना आम्ही मावशी म्हणतो.

पहिल्या वर्षी मावशींचा निरोप आला. सेलीन म्हणाली, "नाताळला एक वाजता जेवायलाच या. आई बदक करतेय, आणि फुगे." फुगे म्हणजे मैदा आंबवून तळलेले गोल पाव.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मासे, कोंबडी, मटण आम्ही तिघंही खातो. पण तिच्या घरच्या भांड्यांत डुकराचंही शिजत असणार, ही भीती. तोंडावर कोण बोलणार? नीलिमाताईंनी बाजू सावरली. "अगं सेलीन, आमचा मार्गशीर्ष चालू आहे ना!"

त्या वर्षी तो खरंच चालू होता. सेलीन म्हणाली, "हो का? मग चार वाजता चहाला या." तेव्हापासून आमचा नाताळ चार वाजता सुरू होतो.

* * *

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून गावड्यांनी केक घेतला. एगलेस. आपल्यालाही खाता यावा, हा हिशोब.

टेबलावर मावशींचा काळाभोर केक होता. त्यातलं सुकं फळ त्यांनी ऑक्टोबरपासून रममध्ये भिजत घातलं होतं. त्याच्या शेजारी आमचा एगलेस पाइनॅपल. आम्ही आमचाच केक खाल्ला आणि "छान आहे, छान आहे" म्हणालो. मावशींनीही एक तुकडा घेतला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "हलका आहे. आजाऱ्याला चांगला."

* * *

एकदा सव्वीस तारखेला सेलीन डब्यात फुगे घेऊन आली. नुसते फुगे, सोबत काही नाही. गावड्यांनी एक उचलला, नाकाजवळ नेला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कशात तळलेत?"

"तेलात," सेलीन म्हणाली. "कढई नवीन आहे. तुमच्यासाठीच ठेवलीय वेगळी."

गावड्यांनी सात खाल्ले. मी पाच. नीलिमाताईंनी रेसिपी मागितली.

* * *

एका वर्षी नाताळनंतर दोन दिवसांनी ऑफिसची पार्टी होती. स्टार्टरला चिकन लॉलिपॉप आले. आम्ही तुटून पडलो. सेलीननंच प्लेट पुढे केली आणि विचारलं, "संपला वाटतं मार्गशीर्ष?"

"कालच," गावडे हाड चोखत म्हणाले.

घरी येऊन मी कॅलेंडर पाहिलं. मार्गशीर्ष संपायला अजून आठवडा होता. तशी मी फक्त गुरुवार पाळते, बाकीचे दिवस सोयीप्रमाणे. पण सेलीनला हे सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

* * *

सेलीन मात्र गौरीजेवणाला दरवर्षी आमच्या घरी येते. पुरणपोळी, अळूची भाजी, पंचामृत, सगळं वाढून घेते, काय कशात शिजलं विचारत नाही. एकदा ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काय नीट जेवते गं ही! पानात शीतसुद्धा टाकलं नाही." हा किस्सा मी ऑफिसात कौतुक म्हणून सांगितला. सेलीन हसली. म्हणाली, "आई मला दरवेळी विचारते, तू जेवून येतेस, मग ती मंडळी आपल्याकडे जेवायला कधी येणार?"

गावड्यांनी लोणच्याची बाटली मागितली. पुढच्या नाताळला नक्की जेवायचं, असं मी तेव्हा मनात ठरवलं होतं. मनातच.

* * *

माझ्या नवऱ्याचं मेडिकलचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना वाटायला आम्ही दरवर्षी कॅलेंडरं छापून घेतो, खाली दुकानाचं नाव. तिथी, उपास, सगळं असलेली. त्यातलं एक मी सेलीनला देते. बाकी मी तिला काय दिलंय, आठवून पाहिलं, फारसं आठवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी नाताळ रविवारी आला. आदल्या दिवशी सेलीनचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "वर्षा, आईचे गुडघे आता चालत नाहीत. पुढच्या वर्षी तिला एवढं करता येईल असं वाटत नाही. यंदा या ना जेवायला, एक वाजता."

जायचं ठरवलेली मी, पण तोंडातून सवयीनं निघालं, "अगं, मार्गशीर्ष आहे ना."

ती म्हणाली, "बरं. चारला या."

आम्ही तिघं चारला गेलो. मावशींनी दार उघडलं, भिंतीला धरून. "आयले? या, बसा." टेबलावर धुतलेला पांढरा कपडा होता आणि पाच ताटं पालथी मांडलेली. मधोमध झाकलेलं मोठं पातेलं, चकचकीत नवं. कुणी जेवलेलं दिसत नव्हतं. बाजूच्या भिंतीवर आमच्या मेडिकलचं कॅलेंडर. डिसेंबरच्या पानावर तेवीस तारखेच्या अमावास्येला पेन्सिलीनं गोल केलेला.

मावशी खुर्चीत टेकल्या. "मी कॅलेंडर बघूनच बदक सांगितलेलं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मार्गशीर्ष परवा संपला ना गो?"

गावडे चपलांकडे बघत होते. नीलिमाताईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली.

सेलीन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पालथ्या ताटांमध्ये जागा करून तिनं तो ठेवला.

"आई," ती म्हणाली, "त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं."