रिकामं वावर

खाली वावरात माणसं उभी होती, म्हणून जावयांनी विमान वळवलं.

पुढचा पंखा थांबला होता. इतका वेळ इंजिनाचा नुसता कालवा होता, आणि आता फक्त वारं ऐकू येत होतं. जावई पुढं डाव्या बाजूला विमान चालवत होते. त्यांच्या शेजारी आमचे मालक, आणि मागं मी, बाजूला पिशव्या. "मामा, पट्टा घट्ट करा," जावई म्हणाले. "मामी, डोकं खाली घाला."

मी डोकं खाली घातलं नाही. चौफेर जोंधळा उभा होता, तुरी होत्या, आणि मधी एकच वावर रिकामं होतं. ते आमचंच. त्यात आमची सगळी भावकी, बायापोरांसकट. दोघीजणी पांढरी चादर ताणून धरून होत्या. विमान खाली येईल तसे सगळे जास्तच हात हलवायला लागले. पोरं तर आमच्याकडंच पळत सुटली. त्यांना वाटलं, आम्ही भेटायला उतरायलोय.

मालक काचेवर हात आपटत ओरडत होते, "सरका! अरं सरका की!"

खाली कुणाला ऐकू जाणार. जावयांनी एकदा त्या वावराकडं बघितलं, एकदा पुढं बघितलं, आणि विमान जोंधळ्याकडं वळवलं. जोंधळ्याच्या पलीकडं बांध होता आणि बांधावर जुना लिंब.

हे कशामुळं झालं ते सांगते.

आम्ही दोघं बीदरला मैलूरमध्ये राहतो. शेत कमलनगरकडच्या गावात, ते धाकटे दीर करतात. एकुलती एक लेक हैदराबादला दिली. जावयांचा तिथं लोखंडी सुटे भाग करायचा कारखाना. त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून चार माणसं बसतील एवढं एक जुनं विमान घेतलं होतं. जावई स्वतः चालवायला शिकले होते. मला हा प्रकार पसंत नव्हता आणि मी तसं तोंडावर सांगितलं होतं. ते हसायचे. "मामी, एकदा बसून बघा, मग शिव्या द्या."

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं हिंडायला म्हणून कुठं गेलोच नव्हतो. लग्नाला जायचं, मातीला जायचं, दवाखान्यात जायचं. मालकांना देवगिरीचा किल्ला चढायचा होता. चौथीच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. मीही चौथीपर्यंतच शिकले, पण मला ते चित्र आठवत नाही. मोतीबिंदू झाला, गुडघे धरले, तरी त्यांचं तेच. शेवटी जावई म्हणाले, चला, मी नेतो. लेक आली नाही. लहान विमानात तिला मळमळतं.

हैदराबादला विमानात बसायच्या आधी जावयांनी विचारलं, "मामी, तुमचं वजन किती?"

"कामून? मला इकायलाव का?"

"न्हाई हो, विमानाला सांगावं लागतं."

मालक म्हणाले, "खरं सांग बरं का. तुझ्यापायी विमान उडलं न्हाई म्हंजे?"

काट्यावर दोघांनाही उभं केलं. मालक माझ्यापेक्षा हलके निघाले. ते त्यांनी तिथूनच दिरांना फोन करून सांगितलं. मालकांची सवयच ती. चहा प्याले तरी धाकट्या भावाला फोन. विमानात किती भ्या वाटलं, खालनं गोदावरी कशी दिसली, सगळं भावाला सांगायचं, आणि भाऊ ते पारावर जाऊन सांगायचे. गावातला पहिलाच माणूस असल्या विमानात बसला होता, त्याचं त्यांना फार होतं.

वेरूळला लेणी बघितली. लेण्यांच्या वरच्या अंगाला पायवाटेनं जावयांनी आम्हाला चढवलं, ओढ्याच्या कडंकडंनं. माझ्यासाठी त्यांनी बूट आणले होते. साडीवर बूट घालून मी कशी दिसत असेन ते मला माहीत आहे, पण पाय दुखले नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवगिरी. तिथं मधी डोंगराच्या पोटातून वाट आहे, पायऱ्या आहेत, पण आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. अंधारी म्हणतात तिला. मालकांना उजेडातच कमी दिसायचं. जावयांनी त्यांचा हात धरला.

"सोडा. म्या काय आंधळा हाव का?"

"न्हाई मामा, मलाच दिसंना. म्हणून धरलाय."

मग मालकांनी हात सोडवला नाही. मी मागून चालत होते. बाहेर उजेडात आल्यावरही थोडा वेळ तो हात तसाच होता. आम्हाला पोरगा नाही. मालक ते कधी बोलून दाखवत नाहीत.

वर तोफेपाशी बसून त्यांनी फोन लावला. "अरं, म्या कुठं हाव सांग बघू?" धाप लागली होती, तोंडातून शब्द धड फुटत नव्हता, पण भावाला ओळखायला लावलंच.

परतायच्या दिवशी येळवस होती. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव शेतात असतं. उभ्या जोंधळ्यात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच पांडव मांडतात, पूजा करतात. भज्जी, उंडे आणि अंबिलीचं मडकं घेऊन बाया डोक्यावर टोपल्या नेतात. अंबिल रानभर शिंपडायची आणि पोटभर जेवायचं. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. लग्नानंतर आमची एकही येळवस शेताबाहेर झाली नव्हती. मालकांना राहवेना. हैदराबादला जाताना आपलं गाव वाटेतच लागतं, हे त्यांनी जावयांकडून काढून घेतलं होतं. सकाळीच फोन केला.

"आमी शेतावरनं येणार हाव. कोपीपाशी बसू नगा, जोंधळ्यात कोण दिसतंय? त्या रिकाम्या वावरात या समदे. पांढरी चादर धरा, म्हंजे वळखू येईल."

तिकडून दिरांनी विचारलं असावं, किती वाजता. मालक म्हणाले, "इमान हाय बाबा, उदगीरची बस न्हाई. आवाज आला की या."

ते वावर रिकामं होतं कारण सोयाबीन निघाल्यावर ओलच राहिली नव्हती, म्हणून दिरांनी मागं काही पेरलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या शिवारात तेवढाच मोकळा तुकडा. मालकांनी ते बरोबर हेरलं होतं. माणूस वरून दिसायला तीच जागा बरी होती. उतरायलाही तीच होती, पण ते त्यांच्या डोक्यात कुठून येणार? माझ्याही आलं नाही.

जावयांनी एक फेरी मारली. माणसं मुंग्यांएवढी दिसली.

"अजून थोडं खाली घ्या," मालक म्हणाले. "त्याला म्या दिसलोच न्हाई."

"मामा, एवढं बास."

"एकच. येळवस हाय."

जावयांनी दुसरी फेरी घेतली, खालून. मला जाऊबाईंची हिरवी साडी ओळखू आली. तेवढ्यात इंजिनानं दोनदा ठसका दिल्यासारखं केलं आणि पंखा थांबला. का थांबला ते पुढं साहेब लोक येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलेलं मला कळलं नाही.

पुढचं वर लिहिलंच आहे. जोंधळा विमानाच्या पोटाला सडसड लागत गेला. मग बांध आला. डावी बाजू लिंबाला लागली.

पळत येणारी पोरं जवळ येईपर्यंत हसत होती. मग थांबली. दीर पोरांना बाजूला सारून पुढं आले. हाताला अंबिल लागलेलीच होती. त्यांनी दार ओढून मला काढलं. मालकांची मांडी मोडली होती. जावई शुद्धीवर होते. त्यांना काढायला फार वेळ लागला. त्यांना चादरीवर घेतलं. त्याच चादरीवर. दुसरं काही हाताशी नव्हतं.

उदगीर जवळ म्हणून जीप तिकडं नेली. मालकांना पुढं निजवलं होतं, मी मागं जावयांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

"मामी, खाली कुणाला लागलं का?"

"न्हाई बापू. कुणालाच न्हाई."

"मामांना?"

"पाय मोडलाय. बोलू नगा आता."

ते उदगीर यायच्या आधीच गेले. मी जीप थांबवा म्हटलं नाही. मालकांना दवाखान्यात पोचवायचं होतं.

लेक आली. सगळं उरकलं, चार माणसं घरात बसली होती, मालक खाटेवर. तिनं एकच विचारलं, "एका वावरात एवढी माणसं कामून होती?"

जाऊबाई रडायला लागल्या. मालक म्हणाले, "म्या बोलावली."

लेकीनं त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर गेली. त्या दिवसापासून ती मला फोन करते, त्यांना करत नाही. मी तिला समजावत नाही. तिचा नवरा गेलाय, तिनं ठरवायचं. मालकही आता कुणाला फोन करत नाहीत. दिरांचा आला तर मला देतात.

लोक येऊन सांगतात, तुमच्या जावयानं गाव वाचवलं. खरं आहे. जी पोरं पळत आली त्यांतलं एकही राहिलं नसतं. लिंबाखाली जावयांच्या नावाचा दगड बसवतो म्हणून भावकीनं विचारलं. लेकीनं नको म्हणून सांगितलं.

पुढच्या येळवसीला आम्ही गेलो नाही. मालक म्हणाले, तू जा. मी म्हटलं, तुम्हाला भाकरी कोण टाकील? जाऊबाईंनी डब्यात भज्जी पाठवली होती. आम्ही खाल्ली.

त्या रिकाम्या वावरात यंदा दिरांनी जोंधळा पेरलाय. त्यांनी आम्हाला विचारलं नाही.

वावरातल्या कुणाला साधं खरचटलं नाही. विमानातले मालक आणि मी वाचलो.