उसने मायक्रोस्कोप

ताहेरुन्निसा, सगळ्यांची ताहेरा, म्हणजे निखारा. सातवीनंतर शाळा बस झाली म्हणत बापाने तिचं दप्तर चुलीत कोंबलं, तेव्हा तिने त्याच चुलीतलं जळतं लाकूड उपसून त्याच्या मनगटावर हाणलं होतं. बदल्यात पाठ सोलून निघाली. पण हर्णैची ही पोर दहावी झालीच, आणि तीही पहिल्या झटक्यात.

पुढे नवऱ्यामागून कतारमध्ये, दोह्याला आली. शौकत ट्रेलर चालवायचा. अल गराफातल्या एका व्हिलात कोकणातल्या लोकांनी शाळा काढली होती. ड्रायव्हर, खानसामे, कारकून यांच्या ज्या पोरांना मोठ्या शाळा फाटकावरूनच वाटेला लावत, त्यांच्यासाठी. तिथली प्रयोगशाळा ताहेरा सांभाळायची. पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत आणि जाम टरकून असत.

मग वर्ल्ड कपचं वारं सुटलं. स्टेडियम चढू लागली तशी भाडीही चढली. पगार थकले, चांगले शिक्षक पळाले आणि मान्यतेची तपासणी येऊन ठेपली. मान्यता गेली तर दहावीच्या एक्केचाळीस पोरांचे परीक्षेचे फॉर्मच जाणार नव्हते. त्यात ताहेराची नूरैनही होती.

मायक्रोस्कोप हवे बारा, धड होते दोन. शाळेचे अध्यक्ष नसरुद्दीनभाई यांनी आपल्याकडचा जुना उपाय काढला. अबू हमूर भागातल्या ओळखीच्या शाळेतून दहा उसने आणायचे, पथक गेलं की परत. गावाकडे अख्खी कॉलेजं अशीच पास होतात, त्यात काय एवढं! ताहेरा म्हणाली, खरं सांगू या, सहा महिने मागू या. तिला सांगण्यात आलं, तू टेबलं पूस.

तिने पुसली. मायक्रोस्कोपही ओळीने मांडले. पथकातल्या बाईंनी पहिलाच उलटा करून नंबर वाचला आणि वहीचं मागचं पान उघडलं. चारच दिवसांपूर्वी त्या अबू हमूरची शाळा तपासून आल्या होत्या. खलास!

मान्यता जाणार हे कळताच दुसऱ्या दिवशी पालकांनी फाटक उखडलं. ऑफिसच्या काचा फुटल्या. मुख्याध्यापकांचं तोंड भिंतीवर आपटलं, दोन दात पडले. एक बाप लॅबकडे धावला, त्याच्या नडगीवर ताहेराने झाडूचा दांडा असा घातला की तो तिथेच बसला. तिची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती दारातून हलली नाही. एवढं रक्त सांडून कुणाला काय मिळालं? कपाळ!

तिसऱ्या दिवशी नसरुद्दीनभाई लॅबमध्ये कागद घेऊन आले. मायक्रोस्कोप ताहेराने कमिटीला न विचारता आणले, असं त्यावर लिहिलं होतं. दोषी माणूस काढून टाकला तर शाळेला वर्षाची मुदत मिळणार होती आणि फॉर्मही जाणार होते. नूरैन बापाच्या व्हिसावर होती, आईला गावी जावं लागलं तरी तिला धक्का नव्हता.

"आणि तुम्ही?" ताहेराने विचारलं.

"मी अध्यक्ष. मला राहायलाच हवं. तुझं काय, आज ना उद्या गावाला जायचंच आहे."

तिने कागद दोनदा वाचला. सही केली, तारीख घातली.

"हे पोरांसाठी," ती म्हणाली. "आणि हे तुमच्यासाठी."

मूठ अशी बसली की नाकाचं हाड मोडलं. ते खाली पडले, तरी तिने केस धरून आणखी दोनदा मारलं. शाळेच्या शिपायांनी ओढून काढलं तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. नसरुद्दीनभाईंनी रक्त गळत असतानाही कागद तेवढा खिशात जपला. तो त्यांनाही हवाच होता.

पोलिसांनी विचारलं, का मारलंस? खरं बोलली असती तर कागद खोटा पडला असता. राग आला, एवढंच ती म्हणाली.

गावी पाठवण्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी तिला फोन लावून दिला. पलीकडे नूरैन. फॉर्म अजून मंजूर व्हायचे होते.

"अम्मी, शाळेत सगळे सांगतात, तू सगळ्यांना फसवलंस. खरंय?"

"हो," ताहेरा म्हणाली. "तू अभ्यास कर."

पलीकडून फोन ठेवला गेला.