आंतोनकाका आणि उघडं शटर

माझ्या सगळ्या भानगडी माझ्या बायकोला ठाऊक आहेत — निदान तिचा तसा समज आहे. ही एक मात्र तिलाही ठाऊक नाही. गंमत म्हणजे भानगडीला सुरुवात झाली तेव्हा मेधा माझ्या शेजारच्याच सीटवर, हातात रिमोट धरून, घामाघूम होऊन बसली होती. मग तुम्हांला का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही विल्फ्रेडला ओळखत नाही म्हणून.

विल्फ्रेड आमचा शेजारी. वसईचा. आखातात, खोर फक्कानला, बंदराची कामं घेणाऱ्या एका कंपनीत तो अकाउंट्समध्ये होता आणि मी स्टोअर्समध्ये. दोन हजार साल अजून उजाडायचं होतं. डोंगराच्या पायथ्याशी कंपनीचे बैठे व्हिला होते, एका रांगेत. आधीच्या गोऱ्या साहेबांसाठी बांधलेले, म्हणून प्रत्येकाला गॅरेज आणि गॅरेजला विजेवर वरखाली होणारं शटर. आमच्या वाट्याला येईपर्यंत बहुतेक शटरांच्या मोटारी जळून गेल्या होत्या. रांगेत चालू शटरं दोनच उरली होती — एक माझं, एक विल्फ्रेडचं. त्याचा रिमोट कधीच हरवला होता, तो आतल्या भिंतीवरचं बटण दाबायचा. माझा रिमोट होता, पण इतका अशक्त की शटरला टेकवून धरला तरच त्याला जाग यायची.

अशात आमचा अमेरिकन मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला आणि त्याची गाडी मी घेतली. गाडी कसली, बोट होती! पण मला वेड लागलं ते तिच्या लांबीचं नव्हे. ड्रायव्हरच्या डोक्यावर, आरशाजवळ, तीन बटणं होती. साहेब म्हणाला, यातलं एक बटण घराच्या रिमोटकडून शिकून घेतं. एकदा शिकलं की गाडीतूनच शटर उघडायचं. रिमोट नको, उतरणं नको. कसं शिकवायचं तेही त्याने सांगितलं. मी मान डोलावली. अर्धं कळलं नव्हतं, पण साहेबापुढे मान डोलवायची सवय होती ना.

विल्फ्रेड म्हणाला, "अरे पाटणकर, हे अमेरिकेत चालतं. इकडे खलास! तू बटण दाबशील आणि वायपर चालू होईल." चारचौघांत म्हणाला. आता मला सांगा — असं बोलल्यावर माणसाने काय करायचं?

मी शुक्रवारची, सुट्टीची, अख्खी सकाळ त्या बटणांपुढे बसलो. पहिलं आणि तिसरं बटण एकदम दाबून धरायचं, बारका दिवा लुकलुकायला लागला की रिमोट जवळ आणायचा, दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची, दिवा घाई करायला लागला की सोडायची. सांगायला सोपं आहे! मी दाबलं की मेधा सोडायची, मेधाने दाबलं की दिवा झोपायचा. शेवटी तिने रिमोट माझ्या मांडीवर टाकला, "त्या बटणाशीच लग्न करायचं होतं," म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हा पुढे आले आंतोनकाका. विल्फ्रेडचे वडील. काकू गेल्यावर विल्फ्रेडने त्यांना इकडे आणलं होतं. एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आणि माणूस असा चोख की चहा ओतून झाल्यावर गॅसची नॉब दोनदा बघायचे. ते मेधाच्या जागी बसले, रिमोट हातात घेतला आणि म्हणाले, "घाई नको. तू सांगशील तेव्हा दाबतो, सांगशील तेव्हा सोडतो." तिसऱ्या खेपेला दिवा भराभर लुकलुकला. शटर वर गेलं! मी काकांना मिठी मारली. सगळी कॉलनी गोळा केली, चहा पाजला, शटर दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. विल्फ्रेडने माझ्यापुढे हात जोडले. सगळे माझ्या शटरकडे बघत होते. शेजारच्या शटरकडे कोण बघतंय?

मी ते चारपाच दिवसांनी बघितलं. सकाळी गाडी बाहेर काढली, डोक्यावरचं बटण दाबलं, माझं शटर खाली येऊ लागलं — आणि आरशात विल्फ्रेडचं शटर डौलाने वर चाललेलं. मी परत दाबलं. माझं वर, त्याचं खाली. परत दाबलं. अगदी विहिरीच्या रहाटावरच्या दोन पोहऱ्यांसारखं. मी गाडीत एकटाच इतका हसलो की हॉर्न वाजला.

कारण साधं होतं. शटरच्या मोटारीच्या डब्यात आणि रिमोटमध्ये बारक्या पांढऱ्या खुंट्यांची एक ओळ असते. दोन्हीकडे त्या सारख्या लावल्या की रिमोट चालतो. ज्याने शटरं बसवली त्या बाबाने सगळ्या खुंट्या जशा आल्या तशाच ठेवल्या होत्या, म्हणजे रांगेतल्या सगळ्या घरांना एकच किल्ली! माझ्या म्हाताऱ्या रिमोटचा आवाज शेजारी पोचत नव्हता, गाडीचा मात्र खणखणीत पोचला. माझ्या डब्यातल्या दोन खुंट्या हलवल्या असत्या तर काम झालं असतं.

मग का नाही हलवल्या? कारण त्या हलवल्या की बटणाला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागणार — आणि पहिल्यांदा ते कसं शिकलं हे मला माहीत नव्हतं! दुसऱ्यांदा नाही जमलं तर? विल्फ्रेड, वायपर, चहा प्यालेली कॉलनी... हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? म्हटलं बघू, पुढच्या शुक्रवारी. इन्शाल्ला. तोवर गाडीतून उतरून भिंतीवरचं बटण दाबायला काय झालं होतं? काहीच नाही. पण मग ते डोक्यावरचं बटण काय पूजेला ठेवायचं?

आणि म्हणून रोज सकाळी असं व्हायला लागलं. विल्फ्रेड माझ्याआधी निघायचा. काका शटर बंद करायचे, नातीला — निकोलला — हाताला धरून पुढच्या दाराने स्कूलबसपर्यंत सोडायला जायचे. मग मी निघायचो आणि बटण दाबायचो. काका परत येऊन बघतात तर शटर सताड उघडं. दुपारी मी आलो की पुन्हा तेच; आत शिरल्यावर माझं मी भिंतीवरच्या बटणाने मिटायचो, त्यांचं उघडंच राहायचं. "पापा, शटर!" असं ग्रेटा, विल्फ्रेडची बायको, रोज ओरडायला लागली. निकोल तर टाळ्या वाजवायची, "ग्रॅन्पा, यू फरगॉट अगेन!" काका म्हणायचे, "मी बंद केलं होतं." पहिल्यांदा ठासून म्हणायचे. मग नुसतं म्हणायचे.

मला वाईट वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण हसूही येत होतं, हे लपवून काय करू? काका शटरपुढे उभे राहून डेपोतल्यासारखी घोषणा करायचे — "शटर बंद झालेलं आहे! शटर बंद झालेलं आहे!" — म्हणजे आपलं आपल्यालाच लक्षात राहावं. मी ते मेधाला नक्कल करून दाखवायचो. ती हसायची. तिला बिचारीला काय माहीत.

मग शेळीचा प्रकार झाला. खोर फक्कानला डोंगरातल्या शेळ्या कॉलनीत उतरायच्या, मिळेल ते खायच्या. नाताळ जवळ आला होता. काकांनी निकोलसाठी कामट्या बांधून, रंगीत कागद चिकटवून हा एवढा मोठा तारा केला होता आणि वाळायला गॅरेजमध्ये ठेवला होता. त्या दुपारी मी घरी आलो, सवयीने बटण दाबलं, जेवायला बसलो. तासाभराने ग्रेटाची किंकाळी. गॅरेजमध्ये शेळी होती, तिच्या तोंडातून लाल कागद लोंबत होता, आणि ताऱ्याची एकच पाकळी शिल्लक होती. कॉलनी पोट धरून हसली. आमचा पठाण वॉचमन शेळीला "यल्ला, यल्ला, मॅडम!" म्हणत बाहेर काढत होता. मीही हसलो. एकटे काका हसले नाहीत. ते कामट्या गोळा करत होते.

त्या संध्याकाळी विल्फ्रेडने मला घरी बोलावलं. इथपर्यंत मी नुसता गप्प बसलो होतो, आणि गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे अशी मी मनाची समजूत घातली होती. काका सोफ्याच्या टोकाला बसले होते. ग्रेटा उभीच होती. विल्फ्रेड हळू आवाजात म्हणाला, "पाटणकर, तू सकाळी माझ्यानंतर निघतोस. पापा म्हणतात ते बंद करतात. तू बघतोस ना? फ्रँकली सांग, तू जातोस तेव्हा आमचं शटर बंद असतं की उघडं?"

काका पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्याला साक्षीदार आहे हे त्यांच्या आधी लक्षातच आलं नव्हतं! "हां, सांग त्याला," म्हणाले. "तू बघतोस की."

मी म्हटलं, "उघडं असतं. बऱ्याचदा."

तर हे ते.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःशी वकिली केली. मी *जातो* तेव्हा ते उघडंच असतं की! आरशात दिसतं मला! मी जाण्याच्या आधी ते बंद असतं, पण ते त्याने कुठे विचारलं? असा वकील कोणी पैसे देऊन ठेवणार नाही. मी खोटं बोललो. एक शटर, एक बटण आणि विल्फ्रेडचे जोडलेले हात, एवढ्यासाठी बोललो.

काका वाद घालतील असं मला वाटलं होतं. घातला असता तर बरं झालं असतं, कदाचित मी ओकून टाकलं असतं. पण ते मागे टेकले, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि म्हणाले, "असं? मग राहत असेल. पाटणकर कशाला खोटं बोलेल?"

दुसऱ्या दिवसापासून निकोलला बसपर्यंत ग्रेटा सोडायला लागली. काकांना गॅस पेटवायला बंदी झाली. डॉक्टरने काही प्रश्न विचारले. घाबरलेल्या माणसाची उत्तरं चुकतात, तशी चुकली. नाताळ झाल्यावर ठरलं की पापांना वसईला विल्फ्रेडच्या आत्याकडे ठेवायचं, तिथे घरात माणसं असतात. काकांना जायचं नव्हतं. पण तेच म्हणाले, "उद्या पोरीला रस्त्यावर विसरलो तर?"

त्यांना दुबई एअरपोर्टला मीच सोडलं. माझ्या बोटीत सामान मावतं ना! विल्फ्रेड पुढे, ग्रेटा, निकोल आणि काका मागे. त्यांचं शटर काकांनीच बंद केलं होतं, पण आता शेजारी उभं राहून विल्फ्रेडने ते नीट करवून घेतलं होतं. मी गाडी रस्त्यावर घेतली आणि माझा हात — तुम्हांला शपथेवर सांगतो, माझा हात आपोआप वर गेला. वळणावर निकोल मागे बघून ओरडली, "डॅडी, इट्स ओपन!"

विल्फ्रेडने मान वळवली. त्याने स्वतः बंद झालेलं बघितलं होतं! आता तो बोलणार, असं मला वाटलं. पण काकाच म्हणाले, "मीच असेन रे. निघताना परत आत गेलो होतो काठीसाठी. हात लागला असेल." तोवर त्यांना स्वतःवर इतका संशय यायला लागला होता. विल्फ्रेड उतरला, बंद करून आला, आणि आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागलो. दोन तासांची वाट. दोन तास मला बोलायला मिळाले.

काका पुढे बरीच वर्षं वसईला होते. आता नाहीत. मी दर सुट्टीला घरी, चिपळूणला, जायचो. वसईला एकदाही उतरलो नाही.

राहिलं एक, आणि ते सगळ्यात वाईट आहे. एअरपोर्टवरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढलो, डब्यातल्या दोन खुंट्या हलवल्या, रिमोटमधल्या दोन हलवल्या, आणि गाडीत बसून बटणाला नव्याने शिकवलं. पहिल्याच झटक्यात शिकलं. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मला वाटलं, चला, निदान आता तरी चूक सुधारली.

महिन्याभराने विल्फ्रेड संध्याकाळी अंगणात आला. डोळे लाल होते. म्हणाला, "पाटणकर, त्या दिवसापासून माझ्या मनात होतं, पापांना आपण उगाच तर नाही पाठवलं? मी स्वतः उभं राहून बंद करवलं होतं रे. झोप लागत नव्हती. पण बघ, ते गेल्यापासून शटर एकदाही उघडं राहिलं नाही. एकदाही नाही. म्हणजे पापाच होते ना?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हो."