पाटावरचा तोफगोळा

परवा देवळात कापूर पेटला आणि त्या वासासरशी अमेरिकेत नेपरव्हिलच्या एका काकांकडची खंडेनवमी आठवली. काका नोकरीनिमित्त बरीच वर्षं अलास्कात राहिलेले. पूजेच्या पाटावर ड्रिल, नटबोल्टचे पाने, लॅपटॉप मांडलेले आणि मधोमध, तिथल्या एका ओसाड बेटावरून आणलेला महायुद्धातला गंजका तोफगोळा. "रिकामाय गं तो, एरवी दार आपटू नये म्हणून दाराला लावतो. आज शस्त्र म्हणून त्याचा मान!" काका हसत म्हणाले. मी त्याच्या पितळी टोकावर कुंकवाचं बोट टेकवलं, झेंडू वाहिला. काकूंनी शेजारीच निरांजन ठेवून कापूर लावला. एवढ्यात शेजारचे अमेरिकन आजोबा आले, सैन्यातून रिटायर झालेले. पाटाकडे बघताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "डोन्ट टच एनीथिंग. एव्हरीबडी आउट," ते अगदी हळू म्हणाले. आरती अर्धवट टाकून आम्ही अनवाणीच रस्त्यावर पळालो. बॉम्ब पथकाने गोळा झेंडूसकट नेला. जाताना त्यांच्यातला एकजण म्हणाला, "लाइव्ह आहे, आत दारू तशीच आहे. तो लाल ठिपका दिसतो ना, त्याच्याखालीच स्फोट घडवणारा फ्यूज आहे." काका वळून घराच्या दाराकडे बघत राहिले. हल्ली नवमीला आमच्या पाटावर फक्त एक स्क्रूड्रायव्हर असतो, पण कुंकू लावण्याआधी तोही मी उलटासुलटा करून बघते.