काळ्या इपॉक्सीतला फिल्टर

माझा दादा जुने सिंथेसायझर दुरुस्त करतो. आधी तो टीव्ही दुरुस्त करायचा. एका बँडवाल्याने बंद पडलेला सिंथेसायझर दुकानात आणून टाकला, दादाने तो उघडला आणि तेव्हापासून टीव्हीवाल्यांना कोणी वाली उरला नाही.

ही यंत्रं भारी लहरी. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यावी लागतात, तोवर सूर जागेवर राहत नाहीत. कोणी खिडकी उघडली की पुन्हा घसरले. गिऱ्हाईक घाई करू लागलं की दादा म्हणतो, "म्हातारीला जरा ऊब येऊ दे, मग बोलेल." वहिनी म्हणायची, "माझी एवढी मनधरणी केली असती, तर मीसुद्धा सुरात बोलले असते."

दादाने स्वतः घडवलेली वस्तू एकच, फिल्टर. आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, तळहाताएवढी सर्किटची पाटी. त्याचं बटण फिरवलं की आवाज नुसता मंद होत नाही, बोलता बोलता घसा दाटून यावा तसा होतो. लोक लांबून येऊन तो आपल्या यंत्रात बसवून घेतात. नक्कल होऊ नये म्हणून दादा प्रत्येक पाटी काळ्या इपॉक्सीच्या चिकट रसात बुडवतो. वाळली की दगडच. फोडायला गेलं तर आतलं सगळं फुटतं.

न बुडवलेली पाटी एकच होती, त्याच्या ड्रॉवरमध्ये. ती त्याने माझ्या लेकीला दाखवली, कारण मी शब्द टाकला होता. शिकूनसवरून ती कुठल्याच नोकरीत टिकत नव्हती, माझा जीव टांगणीला लागलेला. "तिला शिकव रे, घरातलं घरातच राहील," मी म्हणाले. तीन वर्षं ती मामाशेजारी बसली. मग नवे सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपनीत लागली. मला हायसं वाटलं.

गेल्या महिन्यात त्या कंपनीचं नवं मॉडेल आलं. जाहिरातीतला आवाज ऐकला, तर दादाच्या फिल्टरचाच. लगेच लेकीला फोन केला.

"आई, मी त्यांना मामाच्या फिल्टरचा आवाज ऐकवला फक्त. त्यांनी ऐकून ऐकून बनवलं. कान तयार असतात गं त्यांचे."

मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

दादाला तेच सांगायला गेले, तर बेंचवर ते मॉडेल उघडं पडलेलं. कोणा स्टुडिओवाल्याने दुरुस्तीला दिलं होतं. मी धापा टाकत लेकीची बाजू मांडली. दादाने ऐकून घेतलं, ड्रॉवरमधली पाटी काढून शेजारी ठेवली.

"हा पिवळा कपॅसिटर बघ."

"काय करतो तो?"

"काही नाही. एक कल्पना होती, मग सोडून दिली. याची एक बाजू कशालाच जोडलेली नाही. काढायचा कंटाळा केला, इतकंच."

मग त्याने नव्या यंत्रात बोट ठेवलं. त्याच जागी तसाच पिवळा कपॅसिटर, एक बाजू कशालाच न जोडलेली.

"आता सांग, हा कोणाला ऐकू आला असेल?"

मी दोन्ही पाट्या पुन्हा एकदा पाहिल्या.

"हा बिनकामाचा आहे, हे मीच तिला सांगितलं होतं," दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "निदान एवढा तरी गाळायचा होता गं तिने. इतकी वर्षं शिकवलं काय मग मी?"

"बोलू तिच्याशी?"

"नको. मग ती घरी यायची नाही."

"आली तर?"

"बाहेरच्या खोलीत बसेन तिच्याबरोबर. बेंचपाशी नाही."

शब्द माझा होता, हे त्याने काढलंही नाही.

जिना उतरून मी कोपऱ्यावर थांबले, लेकीला फोन लावला. "एकदा नीट सांग, नक्की काय दिलंस त्यांना?"

"अगं किती वेळा तेच? आवाज, बाकी काही नाही."

कपॅसिटरचं अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. तेही खरं होतं की नाही, मला ओळखता आलं नाही.